टिपऱ्यांचे घर आणि सोवळे टीकाकार

गेल्या दिवाळीतील पाडव्याची संध्याकाळ. आमच्या वारज्याच्या घरी चार मंडळी फराळाला जमली होती. त्यांत एक निवृत्त प्राध्यापक होते. मराठीचेच, आणि ज्यांच्या व्यासंगाविषयी माझ्या मनात आजही आदर आहे असे. चकलीचा तुकडा मोडता मोडता ते सहज बोलून गेले, "आम्ही घरात टीव्ही ठेवलेलाच नाही. जो माणूस मालिका पाहतो त्याच्याशी वाङ्मयाविषयी बोलावयाचे तरी काय?" मंडळी हसली. मीही हसलो. हसता हसता माझी नजर कोचाच्या टोकाला बसलेल्या शेजारच्या आजींकडे गेली, आणि ते हसू घशातच अडकले.

फराळाच्या ताटावर भांडू नये असा आमच्या घरचा दंडक आहे. म्हणून त्या वेळी गप्प बसलो. दिवाळी अंकाच्या पानावर मात्र भांडावयास कोणाची हरकत नसावी. आमच्याकडे दिवाळी अंकांतून गोष्टी-कवितांइतकीच भांडणेही चवीने वाढली जात आली आहेत. तेव्हा हे माझे वर्षभर मुरलेले उत्तर.

आधी आजींविषयी सांगितले पाहिजे. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. मुलगा आणि सून हिंजवडीला नोकरीला. सकाळी आठला हमरस्त्याने जातात ते पुलाजवळच्या गर्दीतून सुटले तर रात्री नऊला परत येतात. नातू शिकवणीला. आम्ही येथे राहावयास आलो तेव्हा वारज्यात अजून शेते होती, नदीच्या अंगाला गुरे चरताना दिसत, आणि माळवाडी खरोखरच माळावरची वाडी वाटे. आता जिकडे तिकडे उंच इमारती आहेत, आणि एवढ्या मजल्यांत आजींशी दोन वाक्ये बोलणारी माणसे जेमतेम चार. दिवसभरात त्यांच्या कानांवर जी सलग मराठी वाक्ये पडतात ती बहुतेक त्या भिंतीवरच्या पडद्यातून.

पण म्हणून आजी मुकाट्याने पाहतात असे कोणी समजू नये. त्या पडद्याशी बोलतात, भांडतात. एका मालिकेत शालू नेसून, नथ घालून, चुलीपुढे भाकरी थापणारी सून पाहून त्या म्हणाल्या होत्या, "अगं बाई, पदराला पीठ लागंल की!" प्राध्यापकसाहेब, याला आपल्या शास्त्रात वास्तवतेचा प्रश्न म्हणतात. आपण तो वर्गात पुस्तक उघडून शिकवला. आजींनी तो हातातली लसूण सोलता सोलता उपस्थित केला, इतकाच काय तो फरक.

मागच्या पावसाळ्यात आजींच्या नातवाने त्यांना मोबाइलवर एका जुन्या मालिकेचे भाग काढून दिले. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. चार-आठ दिवसांनी जिन्यात भेट झाली तेव्हा मी विचारले, "काय आजी, कशी काय आहेत ती टिपरे मंडळी?" आजी म्हणाल्या, "ब्येस हाय. तितं कुणी कुणाच्या दुधात काय कालवत न्हाई."

मराठी मालिकांची इतकी नेमकी समीक्षा मी छापील स्वरूपात कोठे वाचलेली नाही.

आता मी सगळ्याच मालिकांचे वकीलपत्र घेतलेले नाही, हे येथेच सांगून टाकतो. माझी बाजू एका घराची आहे. ‘अल्फा मराठी’ ही वाहिनी 1999 साली सुरू झाली; पुढे तिचेच नाव ‘झी मराठी’ झाले. तिच्यावर 2001 साली टिपरे कुटुंब आपल्या घरी येऊ लागले. मूळ बीज दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’चे, वर्तमानपत्रातले सदर, मग पुस्तक, आणि त्यावरून ही मालिका. दिग्दर्शक केदार शिंदे. आजोबा आबा टिपरे, त्यांचा मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका आणि नातू शिऱ्या. पाच माणसे, एक घर, आणि आठवड्यातून एक दिवस. एवढ्याच सामग्रीवर संसार थाटलेला.

‘अनुदिनी’ हा शब्द जरा हातात घेऊन पाहा. अनुदिनी म्हणजे रोजनिशी. रोजनिशीचा एक स्वभावधर्म असतो: तिला दिवस संपवावा लागतो. रात्री टाक ठेवावयाचा तर जे घडले त्याचा काहीतरी हिशेब लागलेला असावा लागतो. दुसरे असे की रोजनिशी लिहिणारा माणूस इतरांवर जितका हसतो तितकाच, प्रामाणिक असेल तर, स्वतःवर हसतो. या दोन्ही गोष्टी त्या मालिकेच्या हाडामासात होत्या. घरातला एखादा क्षुल्लक प्रसंग घ्यावयाचा, त्याने पाच जणांचे पाच स्वभाव हलवून पाहावयाचे, आणि भाग संपताना तो प्रसंग संपवावयाचा. आबा त्याच्याकडे पाहून दोन ओळी लिहिणार. त्यांत उपदेश नाही; असलीच तर थोडी कबुली.

उलट रोजची मालिका दिवस संपवीत नाही, ती तो टांगून ठेवते. दार उघडते, कोणीतरी आत पाहते, डोळे विस्फारते, ढोल वाजतात, आणि आपण उद्यापर्यंत दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी कळते की दारात धोबी होता.

प्राध्यापकसाहेब यावर म्हणतील, "मग आम्ही तरी दुसरे काय म्हणतो?" नाही, तुम्ही दुसरेच म्हणता. तुम्ही म्हणता की ही जातच हलकी. मी म्हणतो की जात हलकी नाही, लेखन हलके होते; आणि ते हलके होण्यात तुमचाही वाटा आहे.

जातीचेच बोलावयाचे तर आपल्याच पुण्यातले उदाहरण घेऊ. हरी नारायण आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ काढले. नावच पाहा! ‘ज्ञानामृत’ नव्हे, ‘विचारमंथन’ नव्हे, ‘करमणूक’. आणि त्या करमणुकीच्या पानांतून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापून आली. यमूचे पुढे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी माणसे पुढच्या अंकाची वाट पाहत होती. अगदी आजी साडेसातची पाहतात तशीच. तिकडे विलायतेत डिकन्सचे ‘पिकविक पेपर्स’ 1836 पासून महिन्या-महिन्याने हप्त्यांत निघाले. आज त्यांवर प्रबंध होतात. ‘क्रमशः’ हा शब्द छापील पानावर आला की वाङ्मय, आणि पडद्यावर आला की विटाळ, हा कोणता न्याय?

आणि चिमणराव? त्यांचा जन्मदाता चिं. वि. जोशी. बडोद्याचे पालीचे गाढे अभ्यासक. म्हणजे प्राध्यापकी पेशाचाच माणूस. त्यांना चिमणरावाच्या घरातला गोंधळ लिहिताना कमीपणा वाटला नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकात चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर अवतरले. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. आमच्या गॅलरीतून हवा स्वच्छ असली की सिंहगड दिसतो, आणि गडावरचा दूरदर्शनचा मनोरा. मुंबईची चित्रे त्या मनोऱ्यावरून पुण्यात उतरत. गल्लीत एखाद्याच घरी संच, आणि त्याच्यापुढे सतरंजीवर सगळी आळी. त्या सतरंजीवर त्या काळी प्राध्यापकही मांडी घालून बसत. मीच पाहिले आहेत. तेव्हा विटाळ झाला नाही. कारण चिमणराव आधी पुस्तकात होते, नाही का? मग टिपरेही आधी पुस्तकातच होते.

आता नटांकडे वळतो, कारण मालिकेवर बोलताना लोक एक तर नटाच्या लग्नाविषयी बोलतात, नाही तर त्याच्या कपड्यांविषयी. त्याच्या कामाविषयी कोणी बोलत नाही.

प्रभावळकरांचा जन्म 1944 चा. म्हणजे टिपरे सुरू झाले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. हे वय आमच्याकडे अजून निवृत्तीचे नव्हे. पण त्यांनी उभे केलेले आबा पुरते म्हातारे होते. ते कशावर? कापऱ्या हातावर नाही, खोकल्यावर नाही. वार्धक्याचा अभिनय म्हटला की कंबरेत वाकून चालणारे नट आपण पुष्कळ पाहिले. प्रभावळकरांनी म्हातारपण दाखविले ते कुतूहलातून. ज्याच्यावर आता काही सोपविलेले नाही, पण ज्याला सगळे जाणून घ्यावयाचे आहे, असा माणूस. नातवंडांच्या गप्पांत एक पाऊल पुढे टाकावयाचे, आपण नको आहोत असा संशय येताच अर्धे मागे घ्यावयाचे. ते दीड पाऊल म्हणजे सारे आबा. ज्या नटाने ‘चौकट राजा’त 1991 साली नंदू साकारला, 1993 साली ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूने पोराटोरांची झोप उडविली, ‘हसवाफसवी’त एकट्याने सहा माणसे रंगविली, आणि पुढे 2006 साली हिंदी पडद्यावर गांधीजी उभे केले, त्या नटाने आठवड्यामागून आठवडे घरातल्या खुर्चीत नुसते बसून दाखविले. हे सोपे वाटत असेल त्याने स्वतःच्या घरातल्या खुर्चीत पाच मिनिटे, कोणीतरी पाहत आहे हे माहीत असताना, सहजपणे बसून पाहावे.

राजन भिसे यांचा शेखर हे या घरातले सगळ्यांत अवघड काम, आणि अशा कामाला टाळी सहसा मिळत नाही. एकाच वेळी मुलगा आणि बाप असणारा, दोन्हीकडून थोडा थोडा हरणारा गृहस्थ. भिसे हे नामांकित नेपथ्यकारही आहेत. खोलीत कोणती वस्तू कोठे असावी हे ज्याला कळते त्याला आपण त्या खोलीत किती जागा व्यापावी हेही कळत असावे. शेखर कधी नको इतका पुढे आला नाही. शुभांगी गोखले यांची श्यामला तर गांभीर्याने विनोद कसा करावा याचा वस्तुपाठच. विनोदी बोलत आहोत याची तिला कल्पनाच नसते. सासऱ्याशी बोलताना तिच्या आवाजात आदर, वैताग आणि लळा यांचे जे मिश्रण असे ते मराठी घरांत रोज ऐकू येते, पण नाटकांत फारसे येत नाही. तेथे एक तर नुसता आदर असतो, नाही तर नुसता वैताग. रेश्मा नाईक आणि विकास कदम ही बहीण-भावंडे एकमेकांशी खऱ्या भावंडांसारखी, म्हणजे एकमेकांकडे न पाहता, बोलत. आणि केदार शिंदे? याच दिग्दर्शकाचे ‘सही रे सही’ 2002 साली रंगभूमीवर आले. तेथे दारे आपटतात, माणसे धावतात, श्वास घ्यावयास उसंत नाही. तोच माणूस टिपऱ्यांच्या घरात आला की चप्पल दाराबाहेर काढून हलक्या पावलांनी वावरतो. आपण कोणाच्या घरात आहोत हे ओळखणे ही दिग्दर्शकाची पहिली अक्कल.

याच 2001 साली ई टीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका सुरू झाली. ती 2013 पर्यंत चालली. तीन हजारांहून अधिक भाग! चार दिवस म्हणता म्हणता अकरा वर्षे. तिच्यात रोहिणी हट्टंगडी होत्या; 1982 च्या ‘गांधी’ चित्रपटात साऱ्या जगाने जिची कस्तुरबा पाहिली ती अभिनेत्री. म्हणजे नटांची वाण नव्हती, प्रेक्षकांची तर नव्हतीच. वाण होती ती, "लेखकमहाराज, गोष्ट संपली हो, आता उठा!" असे सांगणाऱ्याची. ते सांगणे कोणाचे काम? वाहिनीचे नव्हे; तिचा गल्ला भरत होता. प्रेक्षकाचे नव्हे, तो पानावर वाढले ते जेवत होता. ते काम टीकाकाराचे. त्या अकरा वर्षांत तिचे एखादे गंभीर परीक्षण आमच्या वाङ्मयीन मासिकांनी छापल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.

येथे माझे खरे भांडण आहे. नाटक लागले की दुसऱ्या आठवड्यात परीक्षण. मग त्याचे पुढे पंचवीसच प्रयोग का होईनात. कवितासंग्रह निघाला, प्रती पाचशे, तरी त्यावर चार रकाने. हे योग्यच आहे. मी त्याविरुद्ध नाही. पण जी गोष्ट लाखो घरांत रोज संध्याकाळी जाते, जिच्यातून माणसे वाक्ये उचलतात, भांडणाच्या पद्धती उचलतात, सुनेकडे आणि सासूकडे पाहण्याची नजर उचलतात, तिच्यावर एक रकाना नाही! मग तिचे मोजमाप करतो कोण? दर गुरुवारी बार्क नावाच्या संस्थेचे आकडे येतात. आकडा चढला तर कथा ताणा, पडला तर कोणाला तरी अपघात घडवा. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आणि तिघांच्या डोक्यावर तो गुरुवार. त्या संवादलेखकाने एखाद्या रात्री जागून एक खरे वाक्य लिहिले, तर ते खरे आहे असे त्याला कोण सांगणार? आकडा सांगत नाही. प्राध्यापकांच्या घरी टीव्ही नाही.

अशा कारखान्यातही चांगले लिहिणारे लिहितात, हे विशेष. ‘आई कुठे काय करते’ ही 2019 ते 2024 अशी पाच वर्षे रोज चाललेली मालिका; मूळ बंगालीवरून घेतलेली. तिच्यात मधुराणी प्रभुलकर यांनी केलेली अरुंधती आणि मुग्धा गोडबोले यांचे संवाद यांनी कित्येकदा रोजच्या रतीबातही असा एखादा प्रसंग दिला की आमच्या घरात वाढलेले ताट तसेच राहिले. घरासाठी राबून राबून स्वतःला विसरलेल्या बाईने साध्या मराठीत, आवाज न चढविता, "आता पुरे" म्हणावे, असे ते प्रसंग. ती मालिकाही ताणली गेली, हे मला मान्य. पण त्या चांगल्या प्रसंगांची नोंद कोणी ठेवली? वाङ्मयाच्या इतिहासात त्या संवादांना ओळभर जागा मिळेल काय? मला शंका आहे.

टिपऱ्यांविरुद्ध एक आक्षेप मात्र असा आहे की तो मला टाळता येत नाही, आणि टाळावयाचाही नाही. तो माझ्या घरातूनच आला, थोरल्या मुलीकडून. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते घर आवडतं कारण ते आपलंच घर आहे. पांढरपेशा, पगारदार, पुस्तकांचं कपाट असलेलं. वारज्यात अशी घरं किती?" खरे आहे. सकाळी पुलाखाली मजूर अड्ड्यावर उभे असतात. त्यांच्या घरी कोणी अनुदिनी लिहीत नाही. शिवणे-उत्तमनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे भाजीचे टेम्पो उतरतात. त्या बाईच्या घरातही सासरा असेल, शिऱ्यासारखा नोकरी शोधणारा पोरगा असेल. त्यांचे टिपरे अजून कोणी लिहिलेले नाहीत. कधीमधी पडद्यावर गाव येते तेव्हा ते पाटलाच्या वाड्यापाशीच थांबते, आणि बोली आली तर हसविण्यासाठी येते.

मुलीचा आक्षेप मी मान्य केला. पण तो टिपऱ्यांवर कितपत लागू होतो? आजी काही पांढरपेशा घरातल्या नव्हेत. त्यांच्या घरी कपाट होते ते धान्याचे. तरी त्यांना आबा ओळखीचे वाटले. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "आमचं मामंजी अस्संच. कुणी काय बोलाया लागलं की उगाच पाणी प्याया माजघरात यायचं." लेखकाने आपले घर खरेपणाने लिहिले की दुसऱ्याला त्यात आपले माजघर दिसते. म्हणून तर मला वाटते, भाजीवाल्या बाईचे घर तितक्याच खरेपणाने, तितक्याच हसऱ्या डोळ्यांनी लिहिणारा कोणी निघावा. तो निघेल ते पांढरपेशा वस्तीतूनच असे नाही. कदाचित याच वारज्यातल्या एखाद्या खोलीत तो आज बसला असेल, आणि त्याच्या हातात गोष्ट असेल. पण तो मराठी घेऊन शिकत असेल आणि त्याचे सर वर्गात "मालिका म्हणजे कचरा" म्हणून मोकळे होत असतील, तर तो कादंबरीच लिहील. कोणी वाचणार नाही अशी. आणि त्या घराची मालिका लिहील तो दुसराच. ज्याने ते घर कधी आतून पाहिले नाही असा.

प्रतिमा कुलकर्णी यांची ‘प्रपंच’ आठवते? सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी ही माणसे एका मोठ्या घरात नांदत होती, आणि लेखिका-दिग्दर्शिका एकच असल्याने त्या घराला एकच मन होते. सुधीर जोशी गेले, रसिका जोशी फार लवकर गेल्या. त्यांच्या नाटकांवर लिहिलेले जुन्या अंकांत शोधले तर सापडेल. ‘प्रपंच’मधल्या त्यांच्या कामावर लिहिलेले शोधावयाचे तर कोणत्या अंकात शोधावे?

माझी प्राध्यापकसाहेबांना विनंती एवढीच, की त्यांनी संच विकत घेऊ नये. त्यांचा तेवढा खर्च मी करविणार नाही. आजींच्या नातवाचा मोबाइल आहे. या पाडव्याला त्यांना पुन्हा फराळाचे बोलावणे धाडले आहे. चकल्या होतील, चिरोटे होतील, आणि मग सगळे मिळून टिपऱ्यांचा एक भाग पाहू. तो पाहून झाल्यावर त्यांनी त्याची चिरफाड करावी, हवी तितकी. मी वहीपेन्सिल घेऊन बसणार आहे.

आजींनाही मी हा बेत सांगितला. त्या म्हणाल्या, "येऊ द्या की सरांना. फकस्त साडेसाताच्या आत आटपा म्हंजे झालं."